जेलसी आणि एन्व्ही
हेवा-मत्सरासाठीचे हे दोन्ही इंग्रजी शब्द अदलाबदल करून कुठेही चालतात, असं काहीजण म्हणतात. ते पूर्ण पटलं नाही. एन्व्हीला दोनच माणसं पुरतात: त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. जेलसीत बहुधा तिसरा असतो, आणि आपलं माणूस त्याच्याकडे जाईल ही धास्ती. बायकोवर संशय घेणारा नवरा जेलस. त्याला एन्व्हियस म्हणता येणार नाही. उलट बाजूने मात्र बराच सैलपणा आहे. मित्राच्या बढतीवर 'आय ॲम जेलस' सर्रास म्हणतात, आणि शब्दकोशही तो अर्थ देतात. गंमत म्हणजे जेलस आणि झेलस (zealous, म्हणजे अतिउत्साही) एकाच ग्रीक 'झेलोस'पासून आलेत! एन्व्ही लॅटिन 'इन्व्हिडिया'तून आला. त्याच्या मुळाशी 'पाहणं' आहे, तेही वाकड्या नजरेने. औपचारिक लेखनात मी तरी फरक पाळतो.