जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद असलेल्याने नवा महागडा क्रोनोग्राफ घ्यावा का?

किल्लीवाला (रत्नागिरी)

नमस्कार. गेली सोळा वर्षे मी जुनी चावीची घड्याळे जमवत आहे. संग्रह मोठा नाही. वडिलांचे फेवर-ल्यूबा, दोन वेस्ट एन्ड, एचएमटीची ‘जनता’ आणि या सर्वांत लाडका असा पन्नाशीच्या दशकातला एक क्रोनोग्राफ (बटण दाबून सेकंद मोजण्याची सोय असलेले घड्याळ), ज्याच्या तबकडीवरचे नाव आता धड वाचता येत नाही, पण आत लँडेरॉन ४८ हे यंत्र आहे. त्याची खोड जाणकारांना ठाऊक असेल. वरचे बटण केवळ मोजणी सुरू करते, थांबवण्याचे आणि काटा शून्यावर आणण्याचे काम खालच्या बटणाकडे असते. त्यामुळे नवखा माणूस ते हातात घेतो तेव्हा हमखास चुकतो, आणि मला त्याचे उगाच समाधान वाटते.

दोन महिन्यांनी मी निवृत्त होत आहे. हाती येणाऱ्या रकमेतून आयुष्यात एकदाच एक मौल्यवान घड्याळ घ्यावे, असे मनात आहे. मुंबईत ओमेगाचे सध्याचे स्पीडमास्टर ‘मूनवॉच’ मनगटावर घालून पाहिले. २०२१ पासून त्यात ३८६१ हे यंत्र येते. मी पाहिले ते प्लास्टिकच्या, म्हणजे हेसालाइटच्या काचेचे आणि पोलादी बंद पाठीचे होते. चावी रोज द्यावी लागते, हे पाहून अर्धा निर्णय तिथेच झाला होता. परंतु घरी परतताना रेल्वेत बसल्यावर शंका आली की, आपल्याला आवडते ते घड्याळ आहे, की १९५७ सालच्या घड्याळाची त्याच कंपनीने काढलेली उत्तम नक्कल? त्याच पैशांत सत्तरच्या दशकातले मूळ स्पीडमास्टर शोधावे, की या वयात हा मोह सोडून द्यावा? ज्यांनी दोन्ही प्रकार वापरले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

खाडीकाठ (चिपळूण)

काका, नकलेच्या प्रश्नाकडे नंतर वळू. आपण समुद्रापासून किती अंतरावर राहता, हे आधी विचारात घ्यावे, असे मला वाटते.

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या माजघरातल्या फडताळापर्यंत पाणी चढले आणि आजोबांची तीन घड्याळे त्यात गेली. पूर रोज येत नाही, हे मान्य. पण त्यानंतर ती उघडून पाहताना घड्याळजींनी दाखवले ते अधिक बोलके होते. पुराच्या पाण्याने झालेली खराबी ताजी आणि सरसकट होती, तर चावीच्या दांड्यावरचा गंज आणि तबकडीच्या कडेची बुरशी फार जुनी होती. ती आपल्या दमट, खाऱ्या हवेने आणि मनगटाच्या घामाने वर्षानुवर्षे केलेली होती. जुन्या घड्याळांत चावीपाशी एक तर रबरी गास्केट नसते, किंवा असलेच तर ते वाळून कडक झालेले असते. ओल तिथूनच शिरते आणि आधी दांडा, मग पोलादी स्क्रू आणि कमानी धरते. फार जुन्या यंत्रांतली हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल राखणारी केसासारखी बारीक कमान, पोलादाचीच असे. तिच्यावर गंजाचा एक ठिपका पडला तरी चाल बिघडते आणि कितीही ऑइलिंग केले तरी ती जाग्यावर येत नाही.

३८६१ मधील हेअरस्प्रिंग सिलिकॉनची आहे. ती गंजत नाही, आणि चुंबकत्वही धरत नाही. कंपनी १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे माप) चुंबकत्वाची हमी देते, त्यामुळे मोबाइल आणि स्पीकरच्या शेजारी ठेवले तरी बिघडत नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जुने घड्याळ बाहेर काढण्याची सोय नसते. मी तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची कामे उरकतानाच सगळी घड्याळे सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करतो आणि चतुर्थी होईपर्यंत उघडत नाही. वर्षातले चार महिने मनगट रिकामे ठेवणाऱ्या माणसाला एक नवे घड्याळ असणे ही चैन नाही, असे माझे मत आहे. मात्र त्याच्या पाणीरोधकतेचा ५० मीटर हा आकडा वाचून पोहायला जाऊ नका, आणि पाण्यात बटणे तर मुळीच दाबू नका.

तबकडी (मालवण)

खाडीकाठ यांनी हवेविषयी लिहिले ते खरे आहे, तरीही माझा कौल वेगळा आहे. माझ्या वडिलांचे घड्याळ दुरुस्तीचे दुकान होते आणि त्या टेबलापाशी मी वाढलो. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग गंजत नाही, पण ती चिमट्याने सरळही करता येत नाही. तुटली तर बदलावीच लागते, आणि बहुतेक स्विस कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना सहज देत नाहीत. म्हणजे पाच वर्षांची हमी संपल्यानंतरही प्रत्येक वेळी मुंबईची वाट धरावी लागणार. आपले लँडेरॉन मात्र अजूनही एखादा जुना कारागीर खिडकीपाशी बसून जुळवून देऊ शकतो.

म्हणून सत्तरच्या दशकातल्या, ८६१ यंत्राच्या स्पीडमास्टरचा विचार करा, असे मी म्हटले असते. १९६८ साली जुन्या ३२१ यंत्रातले कॉलम व्हील (मोजणी सुरू-बंद करणारे खांबांचे चक्र) काढून कॅमची, म्हणजे उंचसखल कडेच्या चकतीची सोपी रचना आणली, ते हे यंत्र. मजबूत आहे, आणि ३८६१ त्याच घराण्यातले आहे. म्हटले असते, असे लिहिले याचे कारण बाजार. आपल्याकडे फिरणाऱ्या जुन्या घड्याळांत पुन्हा रंगवलेल्या तबकड्यांचे प्रमाण एवढे आहे की, परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. क्रोनोग्राफमध्ये तर तबकडी एका वर्षाची, काटे दुसऱ्या, बेझल (काचेभोवतीची कडी) तिसऱ्या आणि बटणे सर्व्हिसिंगमध्ये बदललेली, असे सर्रास होते. २०२१ साली जिनिव्हातील एका लिलावात पहिल्या पिढीचे एक स्पीडमास्टर ३० लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेले. ते खुद्द ओमेगाच्या संग्रहालयासाठी घेतले होते, आणि २०२३ मध्ये ते निरनिराळ्या घड्याळांच्या भागांतून जुळवलेले असल्याचे उघड झाले. मूळ घड्याळ बनवणाऱ्या कंपनीचीच जिथे फसगत झाली, तिथे आपण भिंग घेऊन किती पाहणार?

तेव्हा जुने घ्यायचेच असेल, तर घड्याळ उघडून दाखवणाऱ्याकडूनच घ्या. यंत्रावरचा क्रमांक कोणत्या वर्षाचा, तबकडीवरचा चमकणारा पदार्थ काट्यांवरच्या पदार्थाइतकाच जुना दिसतो का, हे पाहा. दोहोंचा रंग वेगळा असेल तर कोणीतरी हात फिरवला आहे. कंपनीकडे सर्व्हिसिंगला पाठवलेत तर तबकडी आणि काटे बदलू नयेत, असे लेखी सांगा. नाही सांगितले तर ते चोख काम म्हणून जुने काढून नवे बसवतील.

किल्लीवाला

दोघांचेही आभार. तबकडी यांनी जिथे बोट ठेवले, तिथेच माझे दुखणे आहे. माझे लँडेरॉन चोर बाजारातून आणले तेव्हा मीही त्या सुबक पांढऱ्या तबकडीवर भुललो होतो. ती रंगवलेली आहे, हे सहा वर्षांनी कळले. राग आला नाही, पण त्यानंतर जुने महाग घड्याळ घेताना हात आखडतो. वडिलांच्या घड्याळाची गोष्ट निराळी, त्याची तबकडी कोणी रंगवली असती तरी ते माझेच राहिले असते.

नकलेच्या प्रश्नावर मात्र कोणी बोलले नाही.

वेळाताई (अलिबाग)

त्या प्रश्नावर मी बोलते, कारण मी हे घड्याळ गेली तीन वर्षे रुग्णालयात रोज वापरते.

नक्कल म्हणायचे तर मधल्या काळात ते घड्याळ बंद पडून पुन्हा काढलेले असायला हवे होते. तसे झालेले नाही. १९६५ मध्ये नासाने ते अंतराळप्रवासासाठी मान्य केले, १९७० मध्ये अपोलो १३ परतताना १४ सेकंदांचे इंजिन प्रज्वलन त्यावर मोजले गेले, आणि त्यानंतरही चावीचे स्पीडमास्टर बनतच राहिले. ३२१, ८६१, १८६१, ३८६१ अशी ती एकाच घरातली पिढ्यांची ओळ आहे. नातवाचे नाक आजोबांसारखे असले म्हणून त्याला कोणी नक्कल म्हणत नाही. खरी पुनरावृत्ती हवी असेल तर कंपनीने ३२१ यंत्रही पुन्हा बनवायला घेतले आहे, पण त्याची किंमत दुप्पटीपलीकडे जाते. दहा लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का टीसीएसही (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर) वसूल करतो, आणि निवृत्तीच्या पैशांतून तो हिशेब मी तरी मांडणार नाही.

मला अडचण वाटते ती आकाराची. आपली जुनी घड्याळे ३४-३६ मिलिमीटरची असतील, हे ४२ मिलिमीटरचे आहे. दुकानात पाच मिनिटे घालून काही कळत नाही. बाह्यांच्या सदऱ्यात ते अडकते का, आंब्याच्या पेट्या उचलताना मनगटाला रुतते का, हे पाहिले पाहिजे. कडा वळलेल्या असल्याने ते आकड्यापेक्षा लहान बसते, पण आपले मनगट बारीक असेल तर पुन्हा एकदा अर्धा तास घालून बसा. काच हेसालाइटचीच घ्या. ओरखडे पडतात, पण पॉलिशची पेस्ट आणि मऊ फडके घेऊन दहा मिनिटांत निघतात, आणि जुन्या घड्याळांची सवय असलेल्या माणसाला ते काम आवडतेच. रोख दोन लाख किंवा त्याहून अधिक कोणाही दुकानदाराला घेता येत नाहीत, तेव्हा बँकेतून पैसे द्या, पक्के बिल आणि हमीपत्र जपा.

आणि त्याने काय मोजाल, हेही ठरवा. मी नाडी मोजते. क्रोनोग्राफ घेऊन बटण न दाबणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

किल्लीवाला

ताई, मोजायला माझ्याकडे पुष्कळ आहे. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बसलो की, दीपगृहाच्या दोन झोतांमधले अंतर मी लँडेरॉनवर मोजतो. प्रत्येक दीपगृहाचा ठेका वेगळा असतो आणि खलाशी त्यावरूनच किनारा ओळखतात, हे लहानपणी एका नाखवाने, म्हणजे होडीच्या तांडेलाने सांगितले होते. कोकण रेल्वेत खिडकीशी बसून किलोमीटरच्या खुणा टॅकीमीटरवर, म्हणजे घड्याळावरच्या वेग दाखवणाऱ्या पट्टीवर धरतो. ३६ सेकंद आले की गाडी ताशी १०० ने चालली आहे.

नातवाच्या नाकाचे आपले म्हणणे पटले. पुढच्या महिन्यात मुंबईला जाईन, अर्धा तास घालून बसेन आणि मनगटाने होकार दिला तर हेसालाइटचेच घेईन. लँडेरॉनचे सर्व्हिसिंग मात्र त्याआधी करून घेतो, म्हणजे त्याला डावलल्यासारखे होणार नाही. एक शेवटची शंका आहे. पावसाळ्यात पोलादी साखळी घालावी की चामड्याचा पट्टा?

खाडीकाठ (चिपळूण)

चामडे आठवड्याभरात बुरशीने हिरवे होईल. साखळी घाला आणि रात्री गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने कड्या पुसून कोरड्या करा. नायलॉनचा पट्टाही चालेल, पण तो वाळायला आपल्या पावसात दोन दिवस लागतात, तेव्हा दोन घेऊन ठेवा.