डब्ल्यूडब्ल्यूईत स्टार कंपनीच बनवते? साफ चूक

मंगळवारपेठी:
डब्ल्यूडब्ल्यूई म्हणजे टीव्हीवरची अमेरिकन कुस्ती, निकाल आधीच ठरलेले. त्यावर काल इथं एकानं लिहिलं, "डब्ल्यूडब्ल्यूईत कुणी स्वतःच्या जोरावर मोठा होत नाही. निकाल कंपनी ठरवते, चॅम्पियनचा पट्टा कंपनी देते, बोलायला माइक कंपनी देते. कंपनीचा मालक विन्स मॅकमॅननं ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो स्टार, बाकी सगळे भरती." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

निकाल ठरलेला असतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण लोकांनी ओरडायचं की गप्प बसायचं, हे कुणाला ठरवता येत नाही. २०१४ चा रॉयल रंबल आठवा, तीस जण एकेक करून रिंगमध्ये येतात आणि शेवटी उरतो तो जिंकतो, ती कुस्ती. बटिस्टाला परत आणून जिंकवला आणि अख्खं मैदान त्याच्यावर उलटलं, कारण लोकांना डॅनियल ब्रायन पाहिजे होता. तिसाव्या नंबरला रे मिस्टेरिओ आला तर त्या बिचाऱ्यालाही शिव्या. शेवटी कंपनीला रेसलमेनिया ३० चा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचा, बेत बदलावा लागला. ब्रायननं एकाच रात्री आधी ट्रिपल एचला आणि मग चॅम्पियन ऑर्टन आणि बटिस्टा दोघांना हरवून पट्टा घेतला. बुटका, दाढीवाला, कंपनीच्या साच्यात न बसणारा माणूस. त्याला कुणी 'बनवला' सांगा.

स्टीव्ह ऑस्टिनचंही तेच. १९९६ च्या किंग ऑफ द रिंग स्पर्धेचं विजेतेपद ट्रिपल एचला द्यायचं ठरलं होतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, रिंगमध्ये शत्रू दाखवलेल्या मित्रांना सगळ्यांसमोर गळाभेट दिल्याची शिक्षा म्हणून ते त्याच्याकडून गेलं आणि ऑस्टिनकडे आलं. संधी अशी आडवाटेनं आली हे खरं. पण अंतिम कुस्तीत हरवलेल्या जेक रॉबर्ट्सच्या बायबलच्या वचनांची टर उडवत त्या रात्री जे 'ऑस्टिन ३:१६' तो बोलून गेला, ते त्याचं स्वतःचं होतं. पुढं त्या टी-शर्टवर कंपनीनं किती कमावलं!

रंकाळाकाठ:
भावा, तूच तुझं उत्तर दिलंस. ती शिक्षा झाली नसती तर ऑस्टिन त्या माइकपर्यंत पोचलाच नसता. आणि ब्रायनचं कौतुक करताना झॅक रायडरला का विसरलास? त्यानं २०११ मध्ये स्वतः यूट्यूबवर कार्यक्रम काढला, स्वतःच्या हिमतीवर लोक जमवले, मैदानं त्याच्या नावानं दणाणली. कंपनीनं वर्षाअखेरीस यूएस टायटल (दुय्यम पट्टा) दिल्यासारखं केलं आणि दोन-तीन महिन्यांत केन नावाच्या पैलवानाकडून व्हीलचेअरसकट स्टेजवरून ढकलून दिला. पोराचं करिअर तिथंच संपलं. लोकांची आरोळी काय कामाला आली?

रोमन रेन्स बघ. २०१५ ला फिलाडेल्फियात रंबल जिंकला, रॉकनं येऊन हात वर केला, तरी लोक शिव्या द्यायचे थांबेनात. दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. कंपनीनं पाच वर्षं सोडला नाही. २०२० ला खलनायक केला, मॅनेजर म्हणून पॉल हेमन शेजारी उभा केला आणि मग १३१६ दिवस पट्टा. याला पाठबळ म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

मंगळवारपेठी:
मग भारतीय वंशाच्या जिंदर महालचं सांग. मे २०१७ पर्यंत जो दर आठवड्याला हरायचा त्याला एकदम ऑर्टनला हरवून चॅम्पियन केला, का तर भारतात धंदा वाढवायचा. सगळं पाठबळ दिलं. लोक जागचे हलले नाहीत. डिसेंबरच्या दिल्लीच्या कार्यक्रमाआधी महिनाभरच पट्टा काढून एजे स्टाइल्सला दिला. ज्या देशासाठी पट्टा दिला त्या देशात पट्ट्याविना आणला!

तालमीतला:
तुमचं ते नाटक चालू द्या. पण कोल्हापुरात बसून पैलवान म्हणायचं आणि नाव जिंदरचं घ्यायचं याचा संताप येतो. खासबाग मैदान बघा जाऊन. शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलं ते. तिथं चितपट झाला की झाला, तिथं कुणाचं पाठबळ चालत नाही.

रंकाळाकाठ:
चालत नाही? तालमी कुणाच्या खर्चावर उभ्या राहिल्या? महाराजांच्याच ना? खाशाबा जाधवांना १९४८ ला लंडन ऑलिंपिकला पाठवायला पैसे कोल्हापूरच्या महाराजांनी दिले. १९५२ ला हेलसिंकीला जायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार दिले, तेव्हा देशाला ब्राँझ मिळालं. खरी कुस्ती असूनही पाठबळ लागलंच की.

तालमीतला:
खाशाबांचं नाव त्यात ओढू नका! खर्डेकर सरांनी तिकिटाला पैसे दिले, कुस्ती नाही दिली. मॅटवर खाशाबा एकटे होते.

मंगळवारपेठी:
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय. दार कुणीतरी उघडतं, आत जाऊन करायचं ते स्वतःलाच.

पन्हाळ्याची ताई:
तालमीतले दादा, 'पाठबळ चालत नाही' हे माझ्या घरात येऊन म्हणा. माझा धाकटा भाऊ तालमीत होता. पहाटे तीनला उठायचा, आईनं दागिने मोडून दूध-बदामाचा खुराक पुरवला. आमच्या भागातल्या एका जत्रेत जोड लावताना कमिटीनं त्याला बरोबरीचा गडी दिलाच नाही. मोठी कुस्ती कमिटीवाल्यांच्या ओळखीतल्या पोराला, आमच्याला दुपारच्या उन्हात फुटकळ इनामाची. माणसं भरायच्या आत त्याची कुस्ती उरकलेली. असं वर्षानुवर्षं. शेवटी त्यानं लंगोट ठेवला आणि एमआयडीसीत लागला. जोड कोण लावतं यावरच सगळं असतं, अमेरिकेत आणि इथंही.

तालमीतला:
ताई, एका गावच्या कमिटीवरून अख्ख्या लाल मातीला बोल लावू नका. भाऊ कमी पडला असेल.

पन्हाळ्याची ताई:
त्याची कुस्ती न बघता तुम्ही हे बोललात. मला फार लागलंय ते. कमी पडला असता तर बरोबरीच्या गड्याशी पडू द्यायचा होता, आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या.

गंगावेशकर:
दोघंही शांत व्हा. सिकंदर शेखचं बघा. जानेवारी २०२३, महाराष्ट्र केसरी, महेंद्र गायकवाडबरोबरची कुस्ती. पंचांनी महेंद्रच्या 'बाहेरची टांग' डावाला चार गुण दिले आणि सिकंदर बाहेर. गुण बरोबर की चूक यावर तालमीतालमीत भांडणं झाली. पण त्या रात्रीपासून गावोगाव नाव कुणाचं निघालं? केसरी शिवराज राक्षे झाला आणि चर्चा सिकंदरची. पुढं नोव्हेंबरात त्यानं शिवराजलाच हरवून गदा घेतली.

रंकाळाकाठ:
गदा मिळाली म्हणून आज ते सांगता येतंय. मिळाली नसती तर तोही आमचा रायडरच झाला असता.

तालमीतला:
ते चार गुण चुकीचेच होते, माझं मत बदलणार नाही. आणि ताई, भावाबद्दल तसं बोलायला नको होतं. जोड लावण्यात वशिला चालतो, हे मीही डोळ्यांनी बघितलंय. पण फडात उतरल्यावर नाही चालत.

पन्हाळ्याची ताई:
उतरू दिलं तर ना.

मंगळवारपेठी:
ताईंचं पटलं. रायडरचंही मान्य करतो, त्याच्यावर अन्यायच झाला. पण रंकाळाकाठ, कंपनी माणसाला दाबू शकते म्हणून ती माणूस घडवते असं होत नाही. जिंदरला सगळं देऊनही तो का उभा राहिला नाही, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

रंकाळाकाठ:
सहा महिनेच दिले त्याला. रोमनला पाच वर्षं दिली होती.