चाळिशी लागल्यावर पडदा, फोन आणि काम : नेमकं काय करावं?

वय वाढलं म्हणून काम थांबत नाही. दर थोड्या दिवसांनी नवं अ‍ॅप, नवी लॉगिनची पद्धत समोर येते आणि डोळे, कान, बोटं मात्र आपापल्या गतीने बदलत असतात. 'होईल सवय' हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण अडचण सेटिंगमध्ये किंवा चष्म्याच्या नंबरात असते. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी कृपया लिहावं. आपबीती नको, काय करायचं, किती, कुठे चुकतं आणि का, एवढं हवं. राजकीय फॉरवर्डबद्दलही लिहा, तो विषय टाळून चालणार नाही.

* * *

डोळ्यांपासून सुरुवात करतो. चाळीस-पंचेचाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळचं धूसर दिसू लागतं. पुढे भिंगाची जवळचं फोकस करायची ताकद पार संपली की ४० सेंमीवरचं वाचायला +२.५० लागतो. संगणकाचा पडदा ६० ते ७० सेंमीवर असतो, तिथे +१.५० च्या आसपास पुरतो. (दूरचा नंबर असेल तर हे आकडे त्यात मिळवायचे.) म्हणूनच वाचायचा चष्मा लावून पडद्यासमोर बसलेला माणूस हळूहळू पुढे झुकत जातो.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा (एकाच काचेत दूरचा, मधला आणि जवळचा नंबर) त्रास वेगळा. त्यात मधल्या अंतराचा पट्टा अरुंद असतो आणि दूरच्या भागाच्या खाली असतो. पडदा उंच असला की हनुवटी वर करून त्या पट्ट्यातून बघावं लागतं आणि दुपारपर्यंत मान धरते. मग लोक उशी बदलतात, खुर्ची बदलतात. आधी पडदा खाली घ्या: वरची कड डोळ्यांच्या रेषेपेक्षा ५ ते १० सेंमी खाली आणि पडदा थोडा मागे कललेला. दिवसातले बरेच तास पडद्यासमोर जात असतील तर तेवढ्या अंतराचा एकाच नंबराचा वेगळा चष्मा करून घ्यावा. तपासणीला जाताना डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून कागदावर लिहून न्या. ते सांगितलं नाही तर नंबर पुस्तकाच्या अंतराचा निघतो.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सगळ्यांना मानवत नाहीत. अंधाऱ्या पडद्यामुळे बाहुली मोठी होते आणि सिलिंड्रिकल नंबर असेल तर अक्षरांच्या कडा पसरतात. अशांनी पांढरी पार्श्वभूमी ठेवून ब्राइटनेस कमी करावा आणि खोलीतला उजेड वाढवावा.

* * *

फोनबद्दल. अँड्रॉइडमध्ये 'फॉन्ट साइज' आणि 'डिस्प्ले साइज' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसता फॉन्ट वाढवला की अक्षरं मोठी होतात, बटणं तेवढीच राहतात आणि बोट शेजारच्या बटणावर पडतं. आधी डिस्प्ले साइज एक पायरी वाढवा, मग फॉन्ट. दोन्ही शेवटच्या पायरीला नेऊ नका. काही अ‍ॅपमध्ये 'पुढे' किंवा 'सबमिट' पडद्याच्या बाहेर जातं आणि अ‍ॅप बिघडलं असं वाटतं.

बोट जरा जास्त वेळ टेकलं की आयकॉन हलायला लागतात? अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टच अँड होल्ड डिले' मीडियम किंवा लाँग करा. बोटाचा ठसा लागत नसेल तर फोनला दोष देण्याआधी बोट बघा: वयाबरोबर त्वचा कोरडी पडते, ठशांच्या रेषा सपाट होतात. एकच बोट दोनदा नोंदवा, दुसऱ्या वेळी जरा वेगळ्या कोनातून. हाताला क्रीम चोळून थोड्या वेळाने पुन्हा नोंदवल्यावरही पुष्कळ फरक पडतो.

* * *

धागा काढणाऱ्यांशी एका बाबतीत असहमत. श्रवणयंत्राची सवय खरोखरच व्हावी लागते, त्याला काही आठवडे जातात. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज, कागदाची सळसळ नकोशी होते आणि यंत्र कपाटात जातं. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. आधी घरात, शांततेत, एका माणसाशी बोलताना लावा आणि रोज वेळ वाढवत जा.

'ऐकू येतं पण कळत नाही' ही तक्रार अगदी खरी असते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात; स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं त्यात येतात. ओरडून बोललं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तितकी नाहीत. म्हणून समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोलावं.

सेल बदलणाऱ्या यंत्रांसाठी: झिंक-एअर सेलवरचा रंगीत कागद काढला की हवा आत शिरते आणि सेल सुरू होतो. एक-दोन मिनिटं उघडा ठेवून मगच बसवा. कागद परत चिकटवून सेल वाचत नाही. आकार रंगावरून ओळखा: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. आवाज एकदम बसला तर दुरुस्तीला देण्याआधी सेल आणि वॅक्स गार्ड बदलून पाहा. टोकाची ती छोटी जाळी मळाने बुजलेली असते. शिटी वाजत असेल तर यंत्र कानात नीट बसलेलं नाही, साचा सैल झालाय, नाहीतर कानात मळ साठलाय. रात्री सेलचं झाकण उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावं.

* * *

फॉरवर्डबद्दल थोडक्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाण दिसले की तो मजकूर किमान पाच वेळा पुढे गेलेला असतो. एप्रिल २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. बाण म्हणजे खोटं असं नव्हे, पण पाठवणाऱ्याने तो लिहिलेला नाही हे नक्की. फोटो तपासताना वर लिहिलेली पट्टी कापून मग इमेज सर्च करा आणि सर्वांत जुनी तारीख शोधा. बनावट फोटोपेक्षा खरा पण जुना फोटो नव्या घटनेच्या नावाने फिरणं फार जास्त. भाषणाची क्लिप असेल तर मूळ भाषणात तिच्या आधीचं आणि नंतरचं मिनिट ऐका. चूक दाखवायची ती खासगीत. ग्रुपवर दाखवली की माणूस हट्टाला पेटतो.

आवाजाची नक्कल आता सहज होते. 'अडकलोय, लगेच पैसे पाठव' असा फोन आला तर ठेवून द्या आणि आपल्याकडे सेव्ह असलेल्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा आणि तो चॅटवर कधीही लिहू नका.

* * *

वरच्या प्रतिसादाला जोडून, पासवर्ड. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेनेही २०१७ पासून सांगितलं आहे, कारण लोक शेवटचा आकडा तेवढा बदलतात. लांबी महत्त्वाची: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वहीत लिहून ती कुलपात ठेवणं कितीतरी सुरक्षित. गूगलच्या टू-स्टेप लॉगिनचे (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी पद्धत) १० बॅकअप कोड छापून त्याच वहीत ठेवा. प्रत्येक एकदाच चालतो. फोन सिमसकट हरवला तर हाच आधार.

आपल्या मागे खात्यांचं काय, हेही आत्ताच ठरवा. गूगलच्या 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये खातं किती काळ न वापरल्यावर कळवायचं याची ३, ६, १२ किंवा १८ महिन्यांची मुदत निवडून जास्तीत जास्त १० जणांना कळवता येतं. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं. आयफोनवर, आयओएस १५.२ पासून, 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, म्हणजे आपल्या मागे खातं उघडू शकणारी, आपण नेमलेली व्यक्ती; त्या व्यक्तीला अ‍ॅक्सेस की आणि मृत्यूचा दाखला दोन्ही लागतात. ही की त्या व्यक्तीकडे पोचली नाही तर सगळं अडतं. कीचेनमधले (आयफोनने साठवलेले) पासवर्ड यातून मिळत नाहीत, त्यांची सोय वेगळी करा.

* * *

निवृत्तीआधी काम सोपवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. रोजची कामं सगळेच लिहून देतात. राहतात ती वर्षातून एकदा येणारी. मागच्या वर्षभराचं कॅलेंडर आणि 'सेंट'मधल्या मेल महिन्यागणिक चाळा, ती सापडतात. प्रत्येक कामापुढे पायऱ्यांच्या बरोबरीने 'इथे काय बिघडतं आणि तेव्हा कुणाला विचारायचं' हे लिहा. मग नव्या माणसाला फक्त त्या टिपणावरून काम करू द्या, आपण शेजारी गप्प बसायचं. तो जिथे थांबेल तिथे टिपण अपुरं आहे.

कुठल्या सेवेचा ओटीपी तुमच्या नंबरवर येतो आणि कुठली शेअर केलेली फाइल तुमच्या नावावर आहे, ही यादी वेगळी करा आणि मालकी शेवटच्या महिन्यातच बदलून घ्या. ऑफिसचा आयडी एकदा बंद झाला की बदलाला मंजुरी द्यायला तुम्हाला लॉगिनच करता येत नाही.