शालू खुलवायला गेलो की नवरी केशरी होते, काय चुकतंय?

परळचा_कॅमेरेवाला

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात दादरच्या एका हॉलमधलं लग्न केलं. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे चौथंच, त्याआधी तीन वर्षं दुसऱ्यांचे लाइट धरण्यात गेली. नवरी सावळी, तुकतुकीत कांतीची. डाळिंबी शालू, हिरवा चुडा, हातात तोडे. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढले. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले तर शालू मलूल, हॉलमध्ये डोळ्यांना दिसला होता तसा येईच ना. मग सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) +२५, कॉन्ट्रास्ट +३०. शालू झकास उठला, पण नवरीचे गाल आणि मान उकडलेल्या कोळंबीच्या रंगाची झाली. म्हणून कलर मिक्सरमध्ये ऑरेंजचं सॅच्युरेशन -३५ आणि ऑरेंजचा ल्युमिनन्स (उजळपणा) +४०. स्क्रीनवर बरं वाटलं. तेच सेटिंग दोनशे फोटोंवर सिंक केलं आणि झोपलो.

अल्बम आला. अर्ध्या पानांवर चेहरा राख फासल्यासारखा, तोडे जस्ताचे. स्टेजच्या पिवळ्या लाइटमधल्या पानांवर तीच पोरगी पिकलेली पपई. शिवाय सगळंच स्क्रीनपेक्षा काळपट. नवरीच्या आईंनी चष्मा लावून सगळी पानं उलटली, अल्बम मिटला आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, माझी मुलगी एका दिवसात तीन रंगांची कशी रे झाली?" शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. पुन्हा छापून देतो असा शब्द दिलाय, खर्च माझा.

हळदीचं दुखणं आणखी वेगळं. लालबागच्या जुन्या चाळीतली खोली, भिंतींना पिस्ता ऑइलपेंट, डोक्यावर ट्यूब, दारातून ऊन. एक गाल पिवळा, दुसरा हिरवट. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) कुठेही नेला तरी एक बाजू रुसतेच.

आणि या सगळ्यात मुलाकडच्या आत्यांचा फोन: "छापतोच आहेस तर तिला जरा उजळ कर हो."

लॅपटॉप साधा १५ इंची, ब्राइटनेस फुल्ल असतो. सुरुवात कुठून करू?

रील_राजा_ठाणे

भावा, एवढं टेन्शन कशाला. माझा 'मराठी वेडिंग' प्रिसेट (तयार सेटिंग) घे, एका क्लिकमध्ये स्किन ग्लो. पर्सनलमध्ये ये.

टेस्टस्ट्रिप_काका

एका क्लिकनेच तर हा पोरगा खड्ड्यात गेलाय.

हे बघ, मी १९९२ ला फोर्टातल्या एका फोटो छापायच्या लॅबमध्ये मशीनवर बसलो आणि वीस वर्षं लोकांचे चेहरे छापले. तेव्हा स्लायडर नव्हते. यलो, मजेंटा, सायन आणि डेन्सिटी म्हणजे गडदपणा, एवढ्याच चाव्या. तरी चुका ह्याच व्हायच्या.

आधी उठ आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस उतरव. प्रिंट काळपट आले ते त्यामुळे. फुल्ल ब्राइटनेसवर तुला चेहरा उजेडात दिसतो, म्हणून तू फाइल गडदच ठेवतोस, आणि कागदाला काही स्वतःचा दिवा नसतो. मापायचं यंत्र असेल तर १०० ते १२० कँडेलाच्या आसपास ठेव. नसेल तर एक कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी खोलीच्या उजेडात धर. स्क्रीनचा पांढरा त्या कागदापेक्षा ट्यूबलाइटसारखा झगझगत असेल तर अजून खाली.

आता कोळंबी. तू सॅच्युरेशन एकदा वाढवलंस असं तुला वाटतंय, वाढवलंस दोनदा. कॉन्ट्रास्टनेही रंग भडकतो. ढोबळ हिशेब सांगतो. तिच्या गालाचे आकडे, ० ते २५५ च्या मापात, समज लाल १८०, हिरवा १३०, निळा १००. कॉन्ट्रास्ट वाढवला की मधल्या करड्यापासून वरचे वर जातात, खालचे खाली. लाल १९६ वर गेला, हिरवा जागच्या जागी, निळा ९२ वर आला. लाल आणि निळ्यातलं अंतर ८० होतं ते १०४ झालं. हे अंतर म्हणजेच तुझं सॅच्युरेशन. त्यावर वेगळे २५ टाकलेस. शालू मुळातच गडद लाल, तो हे पचवून नेतो. गाल नेत नाही. त्यातून लाल चॅनल वर टेकला की तिथला कातडीचा पोत जातो आणि गाल प्लॅस्टिकचा होतो.

म्हणून क्रम बदल. आधी व्हाइट बॅलन्स, मग उजेड, मग कॉन्ट्रास्ट, आणि रंग सगळ्यात शेवटी. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (बिनरंगाची जागा दाखवायचं टोक) नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर मारत असशील तर ती खोड सोड. पांढऱ्या कपड्यांना नीळ असते, धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं रसायन असतं, कपडा मुळात निळसर. तो तू पांढरा केलास की सगळं चित्र पिवळ्याकडे झुकतं. पपईचं बी तिथेच पेरलं गेलंय. करडं कार्ड बाळग, प्रत्येक जागी एकदा कुणाच्या तरी हातात देऊन फोटो काढ, ड्रॉपर त्याच्यावर मार.

सुरुवातीला प्रोफाइल (रॉ फाइलचे मूळ रंग ठरवणारी निवड) 'ॲडोब पोर्ट्रेट' करून बघ, कातडीवर ते हलक्या हाताने चालतं. एकूण रंग हवाच असेल तर सॅच्युरेशनऐवजी व्हायब्रन्स. ते आधीच भडक असलेल्या रंगांना कमी ढकलतं आणि कातडीला सांभाळून घेतं. १० ते १५ पुरे. शालूचा डाळिंबी वेगळा धर, त्याच्यावर मास्क टाकून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तेवढाच वाढव.

आता राख. ऑरेंज स्लायडर म्हणजे 'चेहऱ्याचा स्लायडर' अशी सगळ्यांची समजूत. त्या ऑरेंजमध्ये तिचा चेहरा आहे, हात आहेत, तोडे आहेत, नथीचं सोनं आहे, पाट आहे, झेंडूची तोरणं आहेत. कातडी खाली ओढलीस तेव्हा हे सगळं लटांबर बरोबर खाली गेलं, म्हणून सोन्याचं जस्त झालं. लाइटरूममध्ये २०२२ पासून माणूस ओळखून चेहऱ्याची आणि अंगाची कातडी वेगवेगळी निवडून देणारा मास्क आहे. तो घे. कडा मात्र मोठं करून बघ, केसांच्या बटा आणि मुंडावळ्यांचे मोती तो कधी कधी कातडीतच धरतो. पुसून काढ.

मास्कच्या आत सॅच्युरेशन -५, फार तर -८. त्यापुढे जाऊ नकोस. सावळ्या वर्णाची सगळी ऊब रंगातच असते. रंग काढून वर उजेड ओतलास की गोरी होत नाही, आजारी दिसते. उजेडच द्यायचा तर मास्कमध्ये एक्स्पोजर (एकूण उजेड) पाव स्टॉप, म्हणजे ०.२५, वाढव आणि गालाच्या हाडावरची, नाकाच्या शेंड्यावरची चमक जिवंत ठेव. सावळा चेहरा त्या चमकेवर उभा राहतो. हायलाइट्स खेचून ती मारलीस तर तुकतुकीत कांती मातीची झाली म्हणून समज.

एक आठवण, विषयाला धरूनच. मशीन जुळवायला आमच्याकडे एका गोऱ्या बाईचा नमुना फोटो असायचा. जगभर त्याला 'शर्ली' म्हणायचे, कोडॅकमधल्या एका मॉडेलच्या नावावरून १९५०च्या दशकात ही पद्धत पडली. ती बाई नीट छापली गेली की मशीन बरोबर! मग त्याच मशीनवर आपल्या कोळीवाड्यातलं लग्न यायचं. नवऱ्याच्या पांढऱ्या कपड्याने फ्रेम भरली की मशीन सगळंच गडद करायचं आणि चेहरे बुडायचे. आम्ही डोळ्यांनी अंदाज घेऊन डेन्सिटी उतरवायचो. वेगवेगळ्या वर्णांच्या बायकांचं कार्ड कोडॅकने काढलं ते १९९०च्या दशकात, तोवर शर्लीबाईंचंच राज्य. आज तिचं काम प्रिसेट करतात. कुणा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसवलेला आकडा.

नथ_आणि_उजेड

काकांना दंडवत. मी हळदीपुरतं बोलते, कारण पिस्ता भिंतीशी माझं जुनं वैर आहे.

तुझ्या खोलीत तीन उजेड आहेत. दारातलं ऊन, ट्यूब, आणि भिंतीवर आपटून हिरवं होऊन आलेलं तेच ऊन. व्हाइट बॅलन्सचा स्लायडर अख्ख्या फोटोला एकच. तो तिघांना कसा पुरणार? पुढच्या वेळी यजमानांना विचारून ट्यूब बंद करायची, नवरीला दाराकडे तोंड करून थोडं तिरकं बसवायचं आणि सावलीच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर टांगायची. प्रत्येक चाळीत चादर मिळते, दोरीवरचे चिमटेही मिळतात. मी एकदा तर दोन करवल्यांना चादर धरून उभं केलं होतं, त्यांचेही फोटो मस्त आले.

झालेल्या फोटोंसाठी: आधी उजेडाच्या गालावर व्हाइट बॅलन्स ठरवून टाक. मग सावलीच्या गालावर मऊ ब्रश, टिंट (हिरवा-मजेंटा स्लायडर) मजेंटाकडे. १० पासून सुरू कर, हिरवटपणा गेला की थांब. हळदीचा पिवळा मात्र मारू नकोस. माझ्या पहिल्या हळदीत मी यलो इतका उतरवला की नवरीच्या तोंडाला बेसनाचा फेसपॅक लावलाय असं दिसत होतं.

आत्यांबद्दल. "उजळ करा" याला मी फोनवर हो-नाही काहीच म्हणत नाही. एकाच फोटोच्या दोन ४×६ प्रिंट घेऊन जाते, एक तिच्या खऱ्या वर्णाची नीट उजेडातली आणि एक "उजळ" केलेली. दोन्ही नवरीच्या हातात देते, आत्यांच्या नाही. चेहरा तिचा आहे. आजवर एकीनेच दुसरी निवडली, तर तिला तीच दिली.

डीआय_अंधेरी

व्हिडिओवाला आहे, पण उपयोग होईल. आमच्याकडे व्हेक्टरस्कोपवर (रंग दाखवणारा गोल आलेख) कातडीची एक रेघ असते, साधारण घड्याळातल्या अकराच्या दिशेला. गोरा, गव्हाळ, काळा, कुणाचाही चेहरा त्या रेघेच्या आसपासच पडतो, कारण रंग देणारी द्रव्यं तीच, रक्त आणि मेलॅनिन. फरक असतो तो उजेडात आणि रंग किती गडद त्यात. त्यामुळे ऑरेंजचा ह्यू (रंगाची छटा) फार ओढू नकोस. चेहरा रेघ सोडून हिरव्याकडे गेला की माणूस आजारी दिसतो, लालकडे गेला की प्यायलेला.

परळचा_कॅमेरेवाला

काका, ताई, डीआयवाले दादा, मनापासून आभार. दोन शंका आहेत. दोनशे फोटो एकेक करून करायचे तर पुढचं लग्न उगवेल. आणि एक्स्पोर्टला मी ॲडोब आरजीबी (फाइलमधले रंग कसे वाचायचे ते ठरवणारा पर्याय) निवडत होतो, कुठेतरी वाचलेलं की त्यात रंग जास्त असतात.

टेस्टस्ट्रिप_काका

रंग जास्त असतात, पण समोरच्याने ते ओळखले तर. बऱ्याच लॅबचं काम एसआरजीबीवर, म्हणजे त्याच्यापेक्षा कमी रंगांच्या पर्यायावर, चालतं. ॲडोब आरजीबीची फाइल तिथे एसआरजीबी समजून छापली की सगळंच फिकं येतं. म्हणजे तुझ्या राखेत अर्धा वाटा ह्याचाही असेल. तुझ्या लॅबला विचार, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर मुकाट एसआरजीबी दे.

सिंक जरूर कर, पण उजेडाप्रमाणे गठ्ठे पाडून. स्टेज वेगळं, दारातलं स्वागत वेगळं, जेवणाची पंगत वेगळी. प्रत्येक गठ्ठ्यातला एक फोटो मन लावून कर आणि बाकीच्यांना दे. मग डेव्हलपमध्ये रेफरन्स व्ह्यू लावून स्टेजचा चेहरा आणि स्वागताचा चेहरा शेजारी शेजारी ठेव. आईंना तीन रंग दिसले ते असे शेजारी ठेवल्यावरच दिसले ना, मग तूही तसंच बघ. मोठ्या छपाईआधी प्रत्येक गठ्ठ्याची एक ४×६ काढ आणि ती दिवसाच्या उजेडात बघ, लॅबच्या काउंटरवरच्या ट्यूबखाली नको.

परळचा_कॅमेरेवाला

दोन आठवड्यांनी लिहितोय. ब्राइटनेस उतरवल्यावर पहिले दोन दिवस लॅपटॉप बिघडलाय असंच वाटत होतं. नंतर डोळे बसले. एकूण पाच गठ्ठे झाले. व्हायब्रन्स +१२, कातडीच्या मास्कमध्ये सॅच्युरेशन -६ आणि एक्स्पोजर +०.२५, शालूला वेगळा मास्क. तोडे सोन्याचे झाले.

रविवारी पाच ४×६ घेऊन त्यांच्या घरी गेलो. नवरी माहेरी आली होती. आईंनी प्रिंट गॅलरीत उजेडात नेल्या, एकेक उचलून मुलीच्या मनगटाशेजारी धरली. चार पसंत. पाचवी पंगतीतली, "हिच्यात अजून थोडी पिवळी आहे गं." खरंच होती, मी हॅलोजनकडे बघितलंच नव्हतं. ती आज सुधारली. ताईंच्या सांगण्यावरून उजळ केलेली प्रिंटही नेली होती. नवरीने बघितली, "ही कोण?" म्हणाली आणि चहाच्या कपाखाली ठेवून दिली.

हळदीचे फोटोही जमलेत, फक्त एका क्लोजअपमध्ये तिचा डावा कान अजून पिस्ता आहे. ब्रश मारला की कानाबरोबर बुगडीचे मोती गुलाबी होतात.

नथ_आणि_उजेड

मोत्यांवरून इरेजर फिरव आणि कानावर ब्रशचा फ्लो (जोर) २० वर आण. नाहीच जमलं तर ब्लॅक अँड व्हाइट कर, कुणाला कळणार आहे!

टेस्टस्ट्रिप_काका

हळदीचा फोटो ब्लॅक अँड व्हाइट? बाई गं.