बाबांची आकडी पंचवीस मिनिटं थांबलीच नाही. धोका कशावरून ठरतो?

डिचोलीकर: बाबा ७१ वर्षांचे. मंगळवारी पहाटे ५:१० ला आकडी आली, अंगणात १०८ पोचली तेव्हा ५:३५. तोवर आई नाकाशी कांदा धरून बसलेली. आता बांबोळीला आयसीयूत आहेत, शुद्ध नाही. आधी कधीच फिट आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "पहिलीच आहे, हेच काळजीचं." पहिलीच म्हणजे बरं नव्हे का?

निवृत्त नर्स, फोंडा: उलटं वाटतं खरं. जुना रुग्ण गोळ्या चुकवतो म्हणून आकडी लांबते. औषध सुरू केलं की बहुतेकदा सावरतो. पहिलीच एवढी लांबली तर मेंदूला नवं काहीतरी झालेलं असू शकतं: पक्षाघात, संसर्ग, नाहीतर सोडियमची घसरण. जीव बऱ्याचदा त्या कारणानंच धोक्यात येतो. लांबलेल्या आकडीचा धोका मोजणाऱ्या 'स्टेस' नावाच्या ६ गुणांच्या मोजणीत वय ६५ च्या पुढे, शुद्ध किती, आकडीचा प्रकार आणि आधी फिट आलेली नसणं एवढंच धरतात. गुण कमी असले तर दिलासा. जास्त म्हणजे निकाल लागला असं नव्हे. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाला का विचार. अंग शांत दिसलं तरी आत आकडी चालू असू शकते.

साखळीचो: कांदाबिंदा नको रे. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि ५ मिनिटांच्या आत थांबली नाही तर १०८.

डिचोलीकर: ईईजी आज दुपारी. सोडियम फार खाली गेलं होतं म्हणे. ब्लडप्रेशरसाठी लघवीची गोळी चालू होती, तिचं पाकीट मागितलंय. आई शोधतेय.