नवा फोकसर बसवला, आता फाइंडर कुठे लावू?

संध्याप्रकाश

नमस्कार मंडळी.

माझी दुर्बीण ८० मिमीची इडी रिफ्रॅक्टर (रंगदोष कमी करणाऱ्या खास काचेच्या भिंगाची) आहे, एफ/७, म्हणजे फोकल लेंग्थ ५६० मिमी. तिचा मूळचा एकवेगी फोकसर (प्रतिमा स्पष्ट करायला आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मागेपुढे सरकवणारा भाग) काढून दोन वेगांचा रॅक-पिनियन (दातेरी पट्टी-चाकाचा) फोकसर बसवला. छोटा नॉब मोठ्याच्या दहापट हळू सरकवतो. त्यामुळे १५० पटीवर शनी बघताना फोकसच्या कधी अलीकडे, कधी पलीकडे अशी जी ओढाताण व्हायची ती संपली. जड डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा जोड) लावला तरी ड्रॉट्यूब (फोकसरची आत-बाहेर सरकणारी नळी) खाली वाकत नाही. फोकसरवर मी बेहद्द खूश आहे.

प्रश्न फाइंडरचा आहे, म्हणजे नेम धरायला वर लावतात त्या छोट्या दुर्बिणीचा. जुन्या फोकसरच्या अंगावरच फाइंडरचा शू (तो सरकवून बसवायची खाच) होता, तो त्याच्याबरोबर गेला. नव्याच्या अंगावर आटे पाडलेली दोन भोकं आहेत, शू तेवढा नाही. तिथे शू लावता येईल, पण हा फोकसर मानेपाशी ३६० अंशांत फिरतो आणि मी तो फिरवतोही, कारण दुर्बीण माथ्याकडे वळवली की नॉब हाताशी आणावे लागतात. सोबत फाइंडरही फिरला तर मुख्य दुर्बिणीशी त्याची जुळणी टिकेल का? दुसरी वाट नळीलाच भोकं पाडायची, पण हात धजावत नाही. तिसरी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप.

फाइंडर ६×३० चा (सहा पट, ३० मिमी भिंगाचा), काटकोनी, सुलट प्रतिमा देणारा. माउंट साधा अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा), हाताने ढकलायचा. नवा फोकसर जड असल्याने दुर्बीण आता मागे झुकते, हेही सांगून ठेवतो.

रानवारा

५६० मिमीला ६×३० हवाच का? ३२ मिमीचा प्लॉसल आयपीस लावा. साडेसतरा पट मोठं दिसतं आणि आकाशाचा जवळजवळ पावणेतीन अंशांचा तुकडा एकदम नजरेत येतो. कृत्तिका अख्ख्या मावतात, वर भोवती जागा उरते. एवढं क्षेत्र मिळत असेल तर लाल ठिपक्याचा फाइंडर (मोठं न करता काचेवर नुसता ठिपका दाखवणारा) पुरे झाला. तो हलका असतो, त्यामुळे टेपवरही टिकतो. माझा तसाच आहे. टेलरॅडच्या (लाल वर्तुळं दाखवणाऱ्या फाइंडरच्या) मागे मात्र लागू नका, त्याचा पाया या नळीसाठी फार लांब पडतो.

संध्याप्रकाश

अंधाऱ्या आकाशाखाली पटतं. माझ्याकडे उजेडच इतका आहे की नुसत्या डोळ्यांना तिसऱ्या प्रतीपलीकडचे (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद) तारे दिसत नाहीत, मग ठिपका रोखायचा कशावर? ६×३० मधून सहाव्या-सातव्या प्रतीचे तारे हाती लागतात आणि क्षेत्र सात अंशांच्या आसपास. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर असं जात जात पोचता येतं. तेव्हा फाइंडर हाच ठेवणार. जागा सुचवा.

लेथवाला

फिरणाऱ्या भागावर फाइंडर बसवू नका. माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच.

कारण असं. फोकसर ज्या अक्षाभोवती फिरतो तो भिंगाच्या अक्षाला तंतोतंत समांतर असेल, तर फाइंडर कितीही फिरवला तरी जुळणी बिघडणार नाही. प्रत्यक्षात मानेच्या सांध्यात थोडा तिरकेपणा असतो, शिवाय कुलपाचा स्क्रू घट्ट करताना सांधा एका अंगाला दाबला जातो. समजा दोन अक्षांत पाव अंशाचा फरक आहे. शून्यावर जुळवलेला फाइंडर १८० अंश फिरवला की फरक दुप्पट होतो, म्हणजे अर्धा अंश, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. ३२ मिमीच्या आयपीसमध्ये तेवढं खपून जाईल. शनीसाठी थेट १५० पटीवर गेलात तर तो क्षेत्रात नसेल.

फोकसर न फिरवणाऱ्यांनी ती दोन भोकं खुशाल वापरावीत, पण स्क्रूची लांबी आधी मोजावी. भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड असते आणि आत लगेच ड्रॉट्यूब. स्क्रू एखाद आटा जास्त आत गेला की ट्यूबवर चरा उमटतो आणि तो कायमचा. शू लावून स्क्रू बसवायचे, बारीक नॉबने ट्यूब पूर्ण आत-बाहेर करायची, कुठे घासल्यासारखं जाणवलं तर खाली वॉशर घालायचा.

तुमच्यासाठी जागा नळीच्या रिंगांवर, म्हणजे नळी माउंटवर धरणाऱ्या कड्यांवर आहे. बहुतेक रिंगांच्या डोक्यावर सपाट भाग आणि मधोमध आट्यांचं भोक असतं. दोन्ही रिंगांवरून एक लांब डोव्हटेल रेल (तिरप्या कडांची पट्टी) नळीच्या लांबीने टाका आणि तिच्यावर शू. दोन ठिकाणी आवळलेली रेल हलत नाही, नळीला भोक नाही, फोकसर हवा तसा फिरवा. हिवाळ्यात हातमोजे घालून उचलायला मूठही होते.

आता ते रिंगांवरचं भोक. ते एम ६ असेल किंवा पाव इंची, कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला असतं ते. दोन्ही दिसायला सारखेच. एम ६ चा व्यास ६ मिमी आणि आट्यांतलं अंतर १ मिमी. पाव इंचीचा व्यास ६.३५ आणि अंतर १.२७ मिमी. एम ६ चा स्क्रू पाव इंची भोकात सहज शिरतो, दोन-तीन फेरे बसतोही, आणि जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात. स्क्रू बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. मध्येच अडला किंवा डुगडुगला की बाहेर काढा, पाना लावू नका.

रेल किती लांब? तुमचा फाइंडर काटकोनी आहे, त्याचा आयपीस मागच्या टोकाला. रेल मागच्या रिंगेपाशीच संपली तर फाइंडरचा आयपीस डायगोनलपासून वीतभर पुढे राहील आणि दर वेळी मान लांबवावी लागेल. रेल रिंगेमागे पाच-सहा सेंमी बाहेर काढा. ६×३० हलका असतो, तेवढ्या लोंबत्या टोकाला काही होत नाही. डोकं फार न हलवता एका आयपीसवरून दुसऱ्यावर डोळा नेता आला पाहिजे, फाइंडरची सगळी मजा त्यात आहे.

मागचं वजन रिंगा सैल करून नळी पुढे सरकवलीत की आटोक्यात येईल. आधी फाइंडर, डायगोनल, नेहमीचा आयपीस सगळं चढवा, मग तोल बघा.

अरुंधती_व

रिंगा असतील तर लेथवाले सांगतात तेच करावं. पण कित्येक लहान रिफ्रॅक्टरना रिंगा नसतात, नळीखाली नुसता एक पाय असतो. माझी तशीच आहे, म्हणून मी नळीलाच शू लावला. हात न धजावणाऱ्यांसाठी लिहिते, कारण ते दिसतं तेवढं भयंकर नाही.

फोकसर काढायचा. पुढचं भिंग त्याच्या सेलसकट (भिंग धरणाऱ्या चौकटीसकट) उलगडून निघतं, तेही काढून झाकून ठेवायचं. सेलच्या आतली, काचा धरून ठेवणारी कडी मात्र सोडायची नाही, दोन काचांमधलं अंतर कारखान्यात बसवलेलं असतं. खुणेच्या जागी कागदी टेप, तिच्यावर पंचाचा हलका ठोका, मग आधी बारीक ड्रिल आणि त्यानंतर मापाचं. आतली कड कानशीने मोडायची. अॅल्युमिनियमचा कीस ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, फुंकायचा नाही. आतून नायलॉनचा नट, आणि नट व स्क्रूच्या टोकाला काळा मॅट रंग. शूचा तळ नळीच्या गोलाईशी जुळणारा घ्या, सपाट शू आवळला तर पातळ नळीला पोचा पडतो.

भोकं कुठे, हे ड्रॉट्यूब पूर्ण आत ढकलून ठरवायचं. ती नळीत बरीच आत येते आणि आतल्या नटांवर आपटते. प्रकाशाची काळजी तेवढी नको. फोकसरच्या बाजूला प्रकाशाचा शंकू निमुळता झालेला असतो, कडेचे चार-पाच मिलिमीटर त्याच्या वाटेत येत नाहीत.

लेथवाला

अरुंधतीताई, सेलबद्दलचं सांगितलंत ते फार बरं केलंत. टेपबद्दल एक राहिलं: फोमच्या टेपवर ६×३० लावू नये. टेप लगेच सुटत नाही, पण उन्हातून नेलेल्या गाडीत ती मऊ पडते आणि फाइंडर किंचित सरकतो. नजरेला कळत नाही, जुळणी मात्र गेलेली असते.

संध्याप्रकाश

रेल बसवली. रिंगांची भोकं पाव इंची निघाली, बोटांनी फिरवून खात्री केली आणि मगच आवळलं. रेल सहा सेंमी मागे काढली आहे. फाइंडरचा आयपीस डायगोनलच्या डावीकडे किंचित वर येतो, डोकं जरा वळवलं की झालं. ध्रुवतारा क्रॉसहेअरवर (फाइंडरमधल्या फुलीवर) घेऊन फोकसर पूर्ण गोल फिरवला, तारा फाइंडर आणि दुर्बीण दोन्हीकडे मधोमध राहिला. नंतर दुर्बीण पूर्वेला, पश्चिमेला, पार माथ्यापर्यंत नेऊन तपासली. काही हललं नाही. नळी साधारण चार सेंमी पुढे न्यावी लागली.

एकच विचारतो. दिवसा समोरच्या इमारतीच्या टोकावर जुळवलं होतं, रात्री थोडा फरक पडला. रेल तर घट्ट आहे.

लेथवाला

इमारत किती लांब? तुमच्या फाइंडरचा अक्ष मुख्य अक्षापासून १२ सेंमी वर धरू. १०० मीटरवरच्या वस्तूवर दोन्ही जुळवलं तर आकाशात सुमारे चार कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक पडणारच. २० मीटरवर तो वीस कलांच्या वर जातो, म्हणजे चंद्राचा दोन-तृतीयांश. किलोमीटरभर लांबचा मनोरा घेतला तर अर्ध्या कलेहूनही कमी, तो कुणाच्या लक्षात येणार नाही. दिवसा ढोबळ जुळवा, शेवटचा हात ताऱ्यावर फिरवा, मोठ्या पटीच्या आयपीसने. ब्रॅकेटचे दोन स्क्रू आणि समोरची स्प्रिंग असेल तर एकेक स्क्रू थोडाथोडा, एकदम नाही.

आणि दिवसा जुळवताना सूर्य घराच्या किंवा भिंतीच्या आड असेल अशी जागा निवडा. पुढे कधी भिंगावर सौर फिल्टर लावून सूर्य बघाल, तेव्हा फाइंडर शूमधून काढून बाजूला ठेवा. फिल्टर मोठ्या भिंगापुरता असतो, ३० मिमीचं भिंगही डोळा जाळायला पुरतं. आसपास लहान मुलं असतील तर टोपण लावूनही भागत नाही, ती ते काढतात.