'कर्नल कॉन्फिगर करणे' : संरूपण, जुळवणी की बेतणे?

नमस्कार. लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वांत आतला भाग) आपल्या हातातल्या प्रोसेसरसाठी स्वतः कसा तयार करायचा, यावर नवख्या वाचकांसाठी मराठीत एक पुस्तिका लिहिते आहे. पहिल्याच प्रकरणात अडले, म्हणून हा धागा.

कामाचे टप्पे तीन. आधी कॉन्फिगर (कोणते भाग हवेत ते ठरवणं), मग कंपाइल (सोर्समधून यंत्राला कळेल असा प्रोग्राम बनवणं), मग इन्स्टॉल. पहिल्या खर्ड्यात तिन्ही ठिकाणी माझ्या हातून 'सेट करा' लिहिलं गेलं, कारण बोलताना आपण सगळेच तसं बोलतो. खर्डा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "एकच गोष्ट तीनदा का सेट करायची?" तिचं बरोबर होतं.

मग शब्द शोधायला लागले. कॉन्फिगरेशनसाठी शाळेच्या विज्ञानातला 'संरूपण' हाताशी होता. 'इलेक्ट्रॉन संरूपण' आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण तिथे अणूचं संरूपण असतं, ते कुणी करत नाही. इथे तर माणूस बसून हजारो पर्यायांपुढे हवं-नको म्हणत असतो. 'जुळवणी' म्हटलं तर सुटे भाग जोडल्यासारखं वाटतं, 'मांडणी' म्हटलं तर पानावरच्या मजकुरासारखं. प्रोसेसरच्या आर्किटेक्चरला 'स्थापत्य' लिहिताना तर हात थांबतोच, लगेच पूल आणि धरणं दिसायला लागतात.

तुम्ही रोजच्या कामात काय म्हणता? आणि लिहिताना काय लिहाल?

प्रतिसाद

कर्नलपासून सुरुवात करतो. देवनागरीत हा शब्द आणि सैन्यातला हुद्दा अगदी सारखे दिसतात. काही जण म्हणून 'कर्नेल' लिहितात. मला त्याची गरज वाटत नाही, संदर्भाने कळतं. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ बीमधला गर. त्याच्या जोडीचा शब्द शेल, म्हणजे वरचं टरफल. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आपण ज्या शेलमध्ये आज्ञा टाइप करतो ते हेच टरफल. या अर्थी शेल हा शब्द १९६०च्या दशकात, मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात, लुई पूझाँ या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने रूढ केला. टरफल बाहेर, गर आत, ही जोडी एकदा सांगितली की वाचक विसरत नाही. पहिल्या उल्लेखाला 'कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा' असं लिहा आणि पुढे कर्नलच ठेवा. गाभा हा शब्द मला आवडतो, पण कर्नल कोलमडतो त्याला 'कर्नल पॅनिक' म्हणतात, तिथे 'गाभा पॅनिक झाला' असं कुणी म्हणणार नाही.

प्रतिसाद

कॉन्फिगरसाठी माझं मत बेतणे.

शिंपी अंगाचं माप घेतो आणि कापड बेततो. शिवण नंतरची. बेतताना एकही टाका पडत नाही, पण कपडा कुणाला बसणार आणि कुणाला नाही, ते तिथेच ठरतं. कर्नलचं कॉन्फिगरेशन नेमकं हेच आहे. त्यातून चालणारं काहीच तयार होत नाही, फक्त डॉटकॉन्फिग नावाची एक मजकुराची फाइल तयार होते. यंत्राला कळेल असं काहीतरी कंपाइल करताना बनतं.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 'संरूपण करा' हे वाक्य ऐकणाऱ्याला पूर्ण वाटतं. 'बेता' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाच्या मापाने? तो प्रश्न कुणी न विचारल्यामुळे माझे दोन दिवस गेले होते, ते सांगतो.

लॅपटॉप एक्स८६चा होता आणि कर्नल हवा होता आर्म६४च्या एका छोट्या बोर्डासाठी. या प्रोसेसरच्या दोन वेगळ्या जाती. ज्या लेखावरून शिकत होतो त्यात लिहिलं होतं, 'प्रोसेसरचं सेटिंग सुरुवातीला करा.' मी केलं. पहिल्या आज्ञेत मेकला (कर्नल तयार करून देणारा प्रोग्राम) आर्च, म्हणजे आर्किटेक्चर, आर्म६४ आहे असं सांगितलं, डेफकॉन्फिग (ठरावीक पर्यायांची सुरुवातीची फाइल बनवणारी आज्ञा) चालवलं, फाइल तयार झाली. मग दोन-चार गोष्टी बदलाव्यात म्हणून पर्यायांचा मेनू उघडणारं मेक मेनूकॉन्फिग दिलं, नुसतंच, आर्च न सांगता. निळा पडदा उघडला. आर्म६४मध्ये 'प्लॅटफॉर्म सिलेक्शन' नावाचा एक मेनू असतो, त्यात आपल्या चिपचं कुळ निवडायचं. तो मेनूच सापडेना. अर्धा तास वरखाली केलं, शेवटी कंटाळून होतं तसं सेव्ह केलं आणि बाहेर पडलो. पडद्याच्या माथ्यावर 'लिनक्स/एक्स८६' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते मी वाचलंच नव्हतं.

झालं असं की आर्च कोणतं हे त्या फाइलमध्ये नोंदलं जात नाही. फाइलच्या सुरुवातीच्या टिपणीत नाव दिसतं, पण मेक ते वाचत नाही. प्रत्येक आज्ञेला ते पुन्हा सांगावं लागतं, नाहीतर टर्मिनलच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवावं लागतं. न सांगितलं तर मेक गृहीत धरतो की ज्या मशीनवर बसलायत त्याच्याच मापाने बेतायचं आहे. माझ्या सेव्हने आर्म६४चे पर्याय गाळले आणि फाइल एक्स८६ची करून टाकली. 'सेटिंग करा' या शब्दांमुळे माझी समजूत झाली की एकदा केलं की झालं.

तुमच्या पुस्तिकेत 'आर्म६४च्या मापाने कर्नल बेता' असं वाक्य असेल, तर निदान माप कुणाचं हा विचार वाचकाच्या मनात राहील.

प्रतिसाद

बेतणे सुंदर आहे. एक शंका. कापड एकदा कापलं की संपलं, डॉटकॉन्फिग शंभर वेळा बदलता येते. शिवाय 'जिवावर बेतलं' हा वाक्प्रचार डोक्यात येतोच.

प्रतिसाद

वर बेतणे सुचवणारा मीच. 'बेत' नाम म्हणून पाहा. बेत आखतो, बदलतो, रद्द करतो. फाइल म्हणजे बेत, आणि तो बदलता येतो. 'जिवावर बेतणे'मध्ये क्रिया आपोआप घडते आणि आधी 'वर' लागतो. इथे करणारा माणूस आहे आणि 'च्या मापाने' लागतं. वाक्यात ठेवलं की गोंधळ होत नाही.

कंपाइलला 'शिवा' म्हणायचा मोह मात्र टाळू या. 'बांधणे' पुरे आहे, बिल्डला आपण 'बांधणी' म्हणतोच. आणि इन्स्टॉलला 'बसवणे', ते तर कधीचंच रुळलंय.

प्रतिसाद

आर्किटेक्चरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि मराठीत दोन्हींना 'रचना' म्हटलं की पंचाईत होते.

१९६४ साली आयबीएमच्या सिस्टिम/३६०वर अॅमडाल, ब्लाव आणि ब्रुक्स या तिघांचा शोधनिबंध आला. त्यांनी आर्किटेक्चर म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याला यंत्र जसं दिसतं ते, असं मांडलं. आज्ञा कोणत्या, रजिस्टर किती, पत्ते कसे द्यायचे. आतली तारांची, सर्किटांची मांडणी त्यांनी त्यातून मुद्दाम वेगळी काढली. म्हणूनच लहानमोठ्या, आतून अगदी वेगळ्या यंत्रांवर तोच प्रोग्राम चालू शकला.

कर्नलच्या सोर्समध्ये आर्च नावाची डिरेक्टरी आहे, ती याच अर्थाने. तिच्यात एक्स८६, आर्म, आर्म६४, रिस्क-व्ही, पॉवरपीसी, एस३९० असे कप्पे आहेत. एकाच कप्प्यात आतून वेगवेगळ्या बनावटीचे शेकडो प्रोसेसर येतात.

माझी सूचना : ही पहिली गोष्ट 'आर्किटेक्चर'च ठेवा आणि तिचा अर्थ 'प्रोसेसरची आज्ञापद्धती' असा एकदा उलगडून सांगा. आतल्या बनावटीला, ज्याला मायक्रोआर्किटेक्चर म्हणतात, 'अंतर्रचना' म्हणा. हा फरक वाचकाला लवकरच लागणार आहे. आर्च निवडणं म्हणजे कप्पा निवडणं. त्यानंतर ३२ बिटांच्या एक्स८६च्या मेनूत 'प्रोसेसर फॅमिली' विचारतात, ते अंतर्रचनेच्या जवळ जातं. तिथे नवी फॅमिली निवडली तर कंपायलर तिच्या आज्ञा वापरायला मोकळा होतो, आणि जुन्या प्रोसेसरवर तो कर्नल उठेलच असं नाही. आर्म६४मध्ये असाच पर्याय मेमरीच्या पानाचा आकार ४, १६ की ६४ किलोबाइट, हा. सगळेच आर्म६४ प्रोसेसर तिन्ही आकार पेलत नाहीत. न पेलणारा आकार दिला तर कर्नल सुरुवातीलाच थांबतो, आणि पडद्यावर अनेकदा एक अक्षरही येत नाही. आर्किटेक्चर बरोबर, माप चुकलं.

प्रतिसाद

नावांचा गोंधळही पुस्तिकेत घ्या. आर्म६४ची मशीन असेल आणि यूनेम -एम (मशीनचा प्रकार सांगणारी आज्ञा) विचारलं तर उत्तर येतं 'एआर्च६४'. तेच नाव आर्च म्हणून मेकला दिलं तर चालत नाही, तिथे आर्म६४च लागतं. क्रॉस कंपायलरच्या, म्हणजे दुसऱ्या आर्किटेक्चरसाठी कंपाइल करणाऱ्या कंपायलरच्या, नावात पुन्हा एआर्च६४. एका गोष्टीची दोन नावं, आणि दोन्ही आपापल्या जागी अनिवार्य.

एक्स८६चं तर विचारू नका. ६४ बिटांची वाढ एएमडीने केली, पहिला ऑप्टेरॉन २००३मध्ये आला. म्हणून डेबियन ही लिनक्सची आवृत्ती अजून इंटेलच्या मशीनलाही एएमडी६४ म्हणतं, आणि नवखा माणूस 'माझा तर इंटेल आहे' म्हणून ती फाइल सोडून देतो. कर्नलमध्ये आय३८६ आणि एक्स८६-६४ हे पूर्वी दोन कप्पे होते, २००८मध्ये आलेल्या कर्नल २.६.२४पासून एकच एक्स८६. इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स १९९१मध्ये जन्मला, त्याचा आधार कर्नल ३.८मध्ये काढून टाकला, तरी आय३८६ हे नाव काही ठिकाणी ३२ बिटांसाठी उरलंच. ही नावं भाषांतर करायची नसतात, पण कुठे कोणतं चालतं हे सांगायलाच हवं.

प्रतिसाद

सगळे कॉन्फिगरवर बोलतायत. मला त्या मेनूमधल्या बारीक शब्दांची जास्त काळजी वाटते.

एक, वाय, एम, एन. वाय म्हणजे तो भाग कर्नलमध्येच, 'अंगभूत'. एम म्हणजे मॉड्यूल, वेगळी फाइल, लागेल तेव्हा चढवायची. एन म्हणजे नको. बहुतेक भाषांतरांत वायला 'होय' लिहितात, मग एमला काय लिहिणार? 'होय' आणि 'नाही'मध्ये तिसरं उत्तर बसत नाही. 'अंगभूत, सुटा, नको' असं त्रिकूट ठेवा. हा फरक पुस्तकी नाही. ज्या डिस्कवर रूट फाइलसिस्टिम (सिस्टिमच्या मुख्य फाइली) आहे तिचा ड्रायव्हर सुटा ठेवला आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) दिलं नाही, तर तो ड्रायव्हर त्याच डिस्कवर अडकून पडतो. पडद्यावर 'अनएबल टू माउंट रूट एफएस' येतं आणि सगळं थांबतं.

दोन, सिलेक्ट. केकॉन्फिग, म्हणजे हे पर्याय आणि त्यांचे मेनू सांभाळणारी यंत्रणा, तिच्या भाषेत हा शब्द आहे आणि त्याचं भाषांतर 'निवडणे' करणं चूक आहे. निवडतो तो माणूस. सिलेक्टमध्ये माणूस एक पर्याय घेतो आणि तो पर्याय दुसऱ्याला आपल्याबरोबर ओढून आणतो, त्या दुसऱ्याच्या अटी पूर्ण झाल्यात का हेही न पाहता. 'सोबत ओढणे' म्हणा. डिपेंड्स ऑन हे 'अवलंबून', ते सरळ आहे. दोन्ही दिशा उलट आहेत. अवलंबून असलेला वाट पाहतो, ओढणारा वाट पाहत नाही.

तीन, आणि हे सर्वांत लाडकं. डॉटकॉन्फिग उघडलीत तर अशा ओळी दिसतील :

# कॉन्फिग_एनयूएमए इज नॉट सेट

सुरुवातीला # आहे, म्हणजे ही टिपणी, हिला अर्थ नाही, असं कुणालाही वाटेल. पण केकॉन्फिग ही ओळ वाचतो. तिचा अर्थ 'ठरवलेलं नाही' असा नसून 'नको असं ठरवलंय' असा आहे. ओळ ठेवून ओल्डकॉन्फिग (जुनी फाइल घेऊन फक्त न ठरलेल्या पर्यायांबद्दल विचारणारी आज्ञा) चालवा, तो त्याबद्दल विचारणार नाही. ओळ पुसून चालवा, आणि तो पर्याय तुमच्या आर्किटेक्चरला लागू असेल तर विचारेल. मौन आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजी शब्दांनी त्या एक करून टाकल्यात. मराठीत 'सेट केलेले नाही' लिहिलंत तर तीच चूक आपण उतरवून घेऊ. इथे मराठीला जास्त स्पष्ट बोलता येतं, तर बोलू या.

प्रतिसाद

वरच्या शेवटच्या मुद्द्यासाठी मनापासून धन्यवाद. नव्या व्हर्जनवर जाताना जुनी फाइल 'साफ' करायची म्हणून मी # वाल्या सगळ्या ओळी काढून टाकायचो, आणि मग ओल्डकॉन्फिग इतके प्रश्न का विचारतं हे कळायचं नाही.

प्रतिसाद (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. पहिलं प्रकरण पुन्हा लिहिलं. त्यातला एक परिच्छेद इथे ठेवते, बारकाईने पाहा :

"कर्नल तयार करण्याचे टप्पे तीन : बेतणे, बांधणे, बसवणे. बेतताना आपण कोणत्या आर्किटेक्चरच्या मापाने बेततोय ते प्रत्येक आज्ञेत सांगावं लागतं. न सांगितल्यास ज्या मशीनवर काम चालू आहे तिचंच माप धरलं जातं. मेनूकॉन्फिग उघडलं की आधी माथ्यावरचं नाव वाचा. तिथे हवं ते आर्किटेक्चर नसेल तर काहीही सेव्ह न करता बाहेर पडा. प्रत्येक पर्यायापुढे तीन उत्तरं शक्य असतात : अंगभूत, सुटा, नको. तुम्ही घेतलेला एखादा पर्याय इतरांना सोबत ओढू शकतो. म्हणून काम झाल्यावर जुना आणि नवा बेत शेजारी ठेवून काय काय बदललं ते पाहा."

प्रतिसाद

चांगलं उतरलंय. एकच सुधारणा. 'प्रत्येक पर्यायापुढे तीन उत्तरं' हे खरं नाही. काही पर्यायांना एम नसतोच, अंगभूत किंवा नको इतकंच. मेमरीच्या पानाचा आकार किंवा कर्नलच्या टायमरचे सेकंदाला १००, २५०, ३०० की १००० ठोके, असे काही यादीतून एकच निवडायचे. जास्तीत जास्त प्रोसेसर किती, यासारख्या ठिकाणी आकडा लिहायचा. 'बऱ्याच पर्यायांपुढे' करा. आणि यादीतून एक घ्यायचं असेल तिथे 'निवडा' हे क्रियापद खुशाल वापरा, तिथे ते अगदी बरोबर बसतं.